चौथा कागद

तिला घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे भिंगरीच म्हणत. घरचं नाव वडिलांनी ठेवलेलं, कारण पोर एका जागी ठरेल तर शपथ. ते ऑफिसात कसं पोचलं कोणास ठाऊक, पण पोचल्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षीही ही बाई खुर्चीच्या काठावरच बसायची, कधी उठावं लागेल याचा नेम नाही म्हणून. फोनवर बोलताना चालायची आणि चालताना याद्या करायची. डॉक्टरांनी एकदा विश्रांती घ्या म्हणून सांगितलं, तर तिने विश्रांतीचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं आणि ते पाळायला वेळ मिळत नाही म्हणून स्वतःवरच चिडली.

पोटापाण्याचं काम म्हणाल तर पाणमांजरं वाचवण्याचं. ती स्वतः पाण्यात उतरत नसे. पाणमांजरं वाचवणाऱ्या एका लहानशा संस्थेसाठी माणसं गोळा करायची, पत्रं लिहायची, मोहिमा आखायच्या, असं तिचं काम. चष्म्याच्या एका दुकानावर संस्थेच्या दोन खोल्या होत्या आणि कर्मचारी साडेतीन. एक मोठ्या बाई, ज्यांनी उभी हयात नदीच्या चिखलात प्राणिशास्त्र करण्यात घालवली आणि आता गुडघ्यांमुळे खुर्चीत अडकल्या होत्या. दुसरा नदीवाला. तो आठवड्यातले चार दिवस काठाने हिंडायचा आणि पायाचे ठसे आणि विष्ठा बघून कुठे किती जनावरं आहेत ते वहीत मांडायचा. तिसरी भिंगरी. उरलेलं अर्धं म्हणजे खालच्या दुकानाचं मांजर. ते दिवसभर यांच्या जिन्यात झोपायचं आणि त्याला पाणमांजरांचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं.

पाणमांजराची एक पंचाईत असते. ते दिसत नाही. वाघ निदान चित्रात तरी गुरगुरतो, हत्ती मुलांच्या पुस्तकात असतो. पाणमांजर पाण्यात बुडी मारतं आणि माणूस काठावर उभा राहून बुडबुडे मोजतो. आता न दिसणाऱ्या जनावरासाठी खिशात हात कोण घालणार? संस्थेचे जुने हितचिंतक एकेक करून देवाघरी चालले होते आणि नवे येत नव्हते. तेव्हा विश्वस्तांनी सरळ सांगून टाकलं की लोकांपर्यंत पोचण्याची तीन वर्षांची पक्की योजना आणा, नाहीतर नदीवर माणूस ठेवणं जमणार नाही. म्हणजे नदीवाल्याची नोकरी भिंगरीच्या योजनेला टांगलेली होती. तो बिचारा तिचा चहा आपणहून आणून द्यायला लागला, त्यामुळे तिला आणखीच अवघड वाटायला लागलं.

भिंगरीने कंबर कसली. सगळ्यांना एकच पत्र पाठवणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा बूट विकणं, हे तिचं पहिलं सूत्र. म्हणून आधी माणसांचे प्रकार पाडायचे आणि प्रत्येक प्रकारासाठी एक कल्पनेतला माणूस कागदावर उभा करायचा. तो कुठे बसतो, कशाला घाबरतो, दिवसभर काय करतो, त्याला कधी आणि कसं गाठायचं, हे सगळं एका पानात आलं पाहिजे. अशा पानाला ऑफिसात 'नमुना' म्हणत. तिने तीन नमुने केले. 'घाईतली आई' बरी झाली होती. 'एकटा इंजिनियर' जरा लाकडी वाटत होता. तिसरा नमुना 'खिडकीतले आजोबा'. तो वाचून मोठ्या बाई चक्क दोन मिनिटं गप्प बसल्या, आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे नदी थांबण्यासारखंच होतं.

"हा माणूस मला ओळखीचा वाटतो गं," त्या शेवटी म्हणाल्या. "कुठून आणलास?"

"पाहणीतून," भिंगरी म्हणाली.

पाहणी कसली, डोंबल. ते तिचे वडील होते. तिने तसं ठरवून केलं नव्हतं. आधी एकच गोष्ट उचलली होती, रेडिओची, आणि मग पेन थांबेना. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, अशी तिने मनाची समजूत घातली. नाव कुठे लिहिलंय? गाव कुठे लिहिलंय? म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच असतात. अशी कारणं माणूस स्वतःला भराभर देत असला की समजावं, आत कुठेतरी खुपतंय.

वडिलांचं आयुष्य टपालात गेलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी पत्रं वेगळी केली, या खणात, त्या खणात. पाकीट हातात घेतलं की आत काय असेल ते ते वजनावरून सांगत, आणि घेणारा ते उघडेल की नाही हेसुद्धा सांगत. भिंगरी संस्थेत लागली तेव्हापासून तिने एक प्रथा पाडली होती. पत्रांचे मसुदे करायचे आणि एक रविवार सोडून एक रविवार वडिलांकडे न्यायचे. ते कागद हातात घ्यायचे, घडीवरून अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे. "हे उघडतील. हे उद्या उघडू म्हणून ठेवतील, म्हणजे मेलं. हे थेट टोपलीत." त्यांनी निवडलेलं पत्र आजवर कधी पडलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा हात म्हणजे ऑफिसात शेवटचा शब्द होता, जरी तो हात कुणाचा हे भिंगरीने तिथे कधी सांगितलं नव्हतं. ती नुसतं म्हणायची, "आमच्या जाणकारांना दाखवते."

आतला मजकूर ते नंतर सवडीने वाचत. गेल्या वर्षभरात मात्र चष्म्याने त्यांना छळलं होतं. आधी नंबर बदलला, मग काडी सैल झाली, आता तर चष्मा दुरुस्तीलाच टाकलेला. "आमच्या ऑफिसच्या खालीच दुकान आहे, द्या माझ्याकडे," असं ती एकदा म्हणालीही होती. "नको, आमचा इथला माणूस बरा," ते म्हणाले. मधे एकदोनदा त्यांनी "तूच वाचून दाखव ना" असंही म्हटलं होतं. पण तिला पावणेसहाची बस असायची. "तुम्हीच वाचा, बाबा, सावकाश," असं म्हणून ती कागद ठेवून निघायची.

त्या रविवारीही तसंच झालं. बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता आणि ओट्यावर दोन कप मांडलेले होते. ती काठावर टेकली, पिशवीतून मोठं तपकिरी पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"यात तीन पत्रं आहेत, बाबा. बुधवारी विश्वस्तांची बैठक आहे, त्याआधी नुसतं हाताने सांगितलंत तरी चालेल."

"ठेव. गुरुवारी चष्मा मिळेल, मग वाचूनही बघतो. चहा टाकू?"

"नको, बस चुकेल."

"घाई असेल तर जा मग."

ती गेली. जिना उतरता उतरता तिने घड्याळ पाहिलं. एकूण भेट बावीस मिनिटांची झाली होती, आणि परतीची बस वेळेवर मिळाल्याचं तिला समाधान वाटलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात ती विश्वस्तांसाठीचे कागद लावायला बसली. 'खिडकीतले आजोबा' हा नमुना खास जाड कागदावर छापून घेतला होता. सात प्रती सांगितल्या होत्या. तिने मोजल्या, सहा भरल्या. पुन्हा मोजल्या. मग टेबलाखाली, खणात, पिशवीत शोधलं, आणि शेवटी तिच्या डोळ्यासमोर ते तपकिरी पाकीट आलं. शनिवारी घाईघाईत तिने त्याच गठ्ठ्यावरून पत्रं उचलून आत सरकवली होती.

तो कागद तिला ओळन्‌ओळ पाठ होता. त्यातली शेवटची ओळ आठवली तशी ती उठून उभी राहिली आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर काही नव्हतं. पण ज्याच्यावर लिहिला त्यानेच वाचला, तर एका नजरेत ओळखणार. मुलीने बापाला चिमट्यात धरून, भिंगाखाली ठेवून, कुठे दाबलं की खिसा उघडतो ते लिहून ठेवलंय, हे त्याला कळणार. थोडा दिलासा होता तो चष्म्यामुळे. गुरुवारपर्यंत मुदत होती.

तिने फोन लावला. लाइन व्यग्र. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा व्यग्र. तिने खिडकी उघडली, बंद केली, मांजराला जिन्यातून हाकललं, पुन्हा लावला. पलीकडच्या खोलीत नदीवाला फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत होता. नमुने चालतात की नाही हे बघायला मोठ्या बाईंनी त्याच्याकडे वर्गणीदारांच्या जुन्या वहीतले वीस नंबर दिले होते. त्या हसण्याने भिंगरीचं डोकं आणखीच उठलं. बाबांचा फोन एवढा वेळ व्यग्र कधी नसतो. पडले तर नसतील? फोन लोंबकळत राहिला असेल? दहा वाजून पाच मिनिटांनी लावलेला फोन पावणेअकराला लागला.

"बाबा, ते कालचं पाकीट उघडलंत?"

"का गं?"

"उघडू नका. त्यात चुकीचे कागद आलेत. मी येऊन नेते."

"बरं. चष्म्याशिवाय उघडून तरी काय करू? कधी येतेस?"

"उद्या."

"ये," ते म्हणाले. त्यांचा आवाज छान, मोकळा लागला होता, आणि तो तिच्या लक्षातही आला.

"आज मजेत दिसताय."

"हो. जरा गप्पा झाल्या सकाळी."

कुणाशी, हे तिने विचारलं नाही. तिला पुढचा फोन करायचा होता.

मंगळवारी ती खरंच निघाली होती. बसमध्ये बसली, दोन थांबे गेले, आणि मोठ्या बाईंचा फोन आला की छापखान्याने योजनेच्या मुखपृष्ठावरचं पाणमांजर उलटं छापलंय, पोट वर आणि पाय आकाशात, म्हणजे मेलेलंच दिसतंय. ती तिसऱ्या थांब्यावर उतरून परत फिरली. दिवसभर छापखान्यात उभी होती आणि मन तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या बाई डोकावल्या तर? बाबांनी त्यांना "जरा वाचा हो एवढं" म्हटलं तर? तहानभूक विसरून ती ऊठबस करत राहिली. छापणारा शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही बसा नाहीतर जा, माझं यंत्र हलतंय." बाबांच्या घरी पोचण्याइतका वेळ त्या दिवशी उरला नाही.

बुधवारी दुपारी तीनला बैठक होती. विश्वस्त पाच, त्यातले तीन जागे. भिंगरी उभी राहून बोलली, चांगलं बोलली. माणसांचे प्रकार सांगितले, कुणाला पत्र, कुणाला फोन, कुणाला नदीकाठी फेरी, पहिल्या वर्षी काय, तिसऱ्या वर्षी काय. जाड कागद हातोहात फिरले. विश्वस्तांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या गृहस्थांनी 'खिडकीतले आजोबा' दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कागदावर ठीक आहे. पण चालतं का हे?"

"चालतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमच्या माणसाने करून बघितलंय. सांगा हो."

नदीवाला उठला. त्याने आपली नेहमीची वही काढली, एका बाजूने विष्ठेच्या नोंदी असलेली, आणि ती उलटी करून दुसऱ्या बाजूने वाचायला लागला.

"वीस फोन केले. अकरा जणांनी ठेवून दिला. सहा जण बरं बोलले. दोघांना मी पाणीपट्टीवाला वाटलो. आणि एक आजोबा मात्र अगदी या कागदातल्यासारखे. कागदात लिहिलंय तसा सोमवारी सकाळी केला. चाळीस मिनिटं बोलले."

"काय बोलले?"

"टपालात होते म्हणाले. पाकिटाचं वजन हातावर सांगतात."

भिंगरी खाली बसली. यावेळी मात्र पूर्ण खुर्चीवर. वर्गणीदारांच्या वहीत बाबांचं नाव तिनेच घातलं होतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, पानं भरावीत म्हणून.

"मुलगी आहे, मोठ्या कामात असते म्हणाले," नदीवाला वाचत होता. त्याचं आज पहिल्यांदाच एवढी माणसं ऐकत होती आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद होता. "जास्त तिच्याबद्दलच बोलत होते. एक गोष्ट वाईट वाटली, ती लिहून घेतली. डावा डोळा गेलाय त्यांचा. वर्ष झालं. उजव्यानेही अक्षर लागत नाही. मुलीला सांगितलेलं नाही. चष्मा दुरुस्तीला टाकलाय असं सांगतात तिला. म्हणाले, तिच्या मागे आधीच हजार व्याप."

"अरेरे," कुणीतरी म्हणालं.

"मी पुन्हा पुढच्या सोमवारी करतो म्हटलं. ते म्हणाले, वाट बघतो."

वडीलधाऱ्या विश्वस्तांनी मान डोलावली. "उत्तम. याला म्हणतात अभ्यास. पुढच्या फोनला पत्नीचा विषय काढा, कागदात आहे तसा." योजना मंजूर झाली. नदीवरचा माणूस राहिला. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि झोपलेले दोघे त्या आवाजाने जागे होऊन टाळ्या वाजवायला लागले.

खरं सांगायचं तर भिंगरीच्या मनात पहिला विचार आला तो डोळ्याचा नव्हे. पहिला विचार आला की चला, म्हणजे कागद वाचलेला नाही, आणि आता वाचलाही जाणार नाही. गुपचूप पाकिटातून काढून घेतला की झालं. माणूस असा असतो. त्या सुटकेचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत तिला स्वतःची एवढी लाज वाटली की कान तापले. वर्षभर ती चष्म्याच्या दुकानावर बसून एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाचं चित्र रेखाटत होती आणि त्यात डोळे तेवढे राहून गेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बैठक संपल्यावर ती कुणाशी न बोलता जिना उतरायला लागली. नदीवाला मागून धावत आला.

"ताई, बरं झालं ना? चुकलो तर नाही कुठे?"

"ते माझे वडील आहेत."

नदीवाल्याने वही मिटली. मग काय करावं ते न सुचून ती पुन्हा उघडली.

"मला खरंच ठाऊक नव्हतं. वहीत नुसता नंबर होता." तो थोडा वेळ मांजराकडे बघत राहिला. "कागदातलं पहिलं तेवढं विचारलं, ताई. पुढे कागद विसरलोच. माणूस गोड आहे हो." आणि मग अगदी हळू म्हणाला, "सोमवारी फोन करू का नको? मी येईन म्हणून... करीन म्हणून सांगून बसलोय."

रस्त्यावर बस आली होती, भिंगरी धावत जाऊन चढली. बस सिग्नलला थांबली की तिचा पाय आपटायला लागायचा. शेजारच्या बाईंनी दोनदा तिच्या पायाकडे पाहिलं. पाकीट घ्यायचं, चौथा कागद खिशात घालायचा, मग डोळ्याचं बोलायचं, डॉक्टर गाठायचा, असा तिने क्रम लावला. मग क्रम बदलला. आधी डोळा, मग कागद. मग पुन्हा पहिल्यासारखा. दुसऱ्या बसमध्ये बसेपर्यंत तिने तो सात वेळा बदलला होता.

बाबांनी दार उघडलं तेव्हा आज तिला दिसलं, की ते कडी बघत नव्हते, चाचपत होते. चौकटीवर ठेवलेला हात त्यांनी ती आत येईपर्यंत उचलला नाही. रेडिओ नेहमीसारखा स्वयंपाकघरात चालू होता.

"बुधवारी कशी काय?"

"पाकीट न्यायला."

"टेबलावर आहे बघ." ते खुर्चीच्या पाठीला धरत धरत पुढे जाऊन बसले. "आणि एक सांगायचं राहिलं. बरं केलंस हो, त्या तुझ्या नदीवाल्याला फोन करायला लावलंस. संस्थेचं नाव सांगितलं तेव्हाच मी ओळखलं, हे आमच्या भिंगरीचं काम. चांगला माणूस आहे. समुद्रातली पाणमांजरं बोटं धरून झोपतात म्हणाला, पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून. खरं का गं?"

"खरं आहे," ती म्हणाली. बाप समजत होता, पोरीने आठवणीने माणूस लावून दिला. हे तसंच राहू द्यायला काय हरकत होती? कुणाचं काय बिघडणार होतं? पाकीट तिच्या हाताशी होतं. तिने ते उचललं.

"उघडू नका म्हणालीस, म्हणून वाचायला कुणाला दिलं नाही," बाबा म्हणाले. "पण हाताने बघितलं. सवय जात नाही. तीन म्हणालीस, आत चार आहेत. चौथा जाड आहे."

"छापखान्याचा रद्दी कागद आलाय तो, बाबा."

"रद्दी जाड कागदावर कोणी छापत नाही." ते हसले. "चौतीस वर्षं हेच केलं मी. जाड कागदावर असतं ते लिहिणाऱ्याला महत्त्वाचं असतं. वाच."

"बाबा, तुमचा डोळा..."

"सांगितलं वाटतं त्याने. पोटात काही राहत नाही बिचाऱ्याच्या." त्यांनी हात हलवून तो विषय बाजूला केला. "त्याचं बघू. मी काही लगेच पळून जात नाही. तू आधी वाच."

तिने पाकिटातून चारही कागद काढले. तिनांतलं कुठलंही पत्र वाचून हा चौथा म्हणून सांगता आलं असतं. त्यांना कळलं नसतं. कदाचित कळलं असतं. कागद वळल्याच्या आवाजावरूनही कळेल असा तो माणूस. तिने जाड कागद वर घेतला आणि वाचायला सुरुवात केली, भरभर, नेहमीसारखी.

"सावकाश," बाबा म्हणाले.

तिने पुन्हा सुरुवात केली. "खिडकीतले आजोबा. वय पंचाहत्तर ते ब्याऐंशी. एकटे. नोकरी टपाल, रेल्वे किंवा तशीच, जिथे वेळ पाळावी लागे. रेडिओ स्वयंपाकघरात लावतात आणि स्वतः बाहेरच्या खोलीत बसतात, म्हणजे घरात दुसरं कोणी बोलतंय असं वाटतं."

बाबांचे हात गुडघ्यांवर होते. त्यांनी ते हलवले नाहीत.

"फोनवर काय बोलायचं ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवतात. त्यातलं निम्मं राहून जातं. 'घाई असेल तर जा' असं म्हणतात तेव्हा त्यांना थांब म्हणायचं असतं." तिने घसा खाकरला. "अजूनही सवयीने दोन कप काढतात, एक परत ठेवतात. पत्नीची आठवण ताजी आहे. देणगीचा विषय तिथून काढावा."

"पुढे?"

"झालं."

"नाही झालं. तळाशी आणखी छापलंय. बोटाला लागलंय मला."

तिने शेवटची ओळ वाचली. "गाठण्याची वेळ, सोमवारी सकाळी दहा. रविवारी मुलांची भेट किंवा फोन होऊन गेलेला असतो आणि तो पुरत नाही. सोमवारी माणूस बोलायला आतुर असतो."

मग तिने कागद मांडीवर ठेवला. बाबा आता काय म्हणतील याची ती वाट बघत होती, आणि वाट बघणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. स्वयंपाकघरात रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं.

"म्हणजे नदीवाल्याला तू नाही लावलंस," बाबा म्हणाले. "कागदाने लावलं."

"हो."

मग ते म्हणाले, "कपाचं पुन्हा वाच."

तिने वाचलं. दोन कप, एक परत, पत्नीची आठवण.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले. पत्रांचा निकाल देताना लागायचा तसाच आवाज. "चांगलं बघतेस तू. एवढं बघतेस हे मला ठाऊक नव्हतं, वाटायचं घड्याळच बघतेस. कपाचं तेवढं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"तुझी आई कुठे चहा प्यायची? तिला वासही सोसायचा नाही."

खरंच की. आई सकाळी गरम पाणी प्यायची, काचेच्या पेल्यातून. हे भिंगरीला ठाऊक होतं, आणि तरी तिने लिहिलं होतं.

"दुसरा कप तुझा आहे," बाबा म्हणाले. "तू येणार असलीस की काढतो. गेलीस की ठेवतो."

ते उठले आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. ती उठायला निघाली होती, पण उठली नाही. रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. मग फडताळ उघडल्याचा, कपावर कप किणकिणल्याचा. खाली रस्त्यावरून पावणेसहाची बस गेली, ती दोघांनीही ऐकली.

"भिंगरे," बाबांनी आतून विचारलं, "साखर किती घेतेस गं तू हल्ली?"